‘गिव्ह अप’ ह्यास जर्मन भाषेंत काय म्हणावें?

भाषांतर म्हणजे काय, असें विचारलें असतां आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचें उत्तर ठरलेलें असतें. एका भाषेंतील शब्द काढावा आणि त्याच्या जागीं दुसऱ्या भाषेंतील शब्द बसवावा. जवळ एक चांगला कोश असला म्हणजे झालें! भिंतींतील एक वीट काढून तेथें दुसरी बसविण्याइतकेंच हें काम सोपें आहे, असा त्यांचा समज असतो. हा समज किती फसवा आहे, हें इंग्रजींतील ‘गिव्ह अप’ ह्या दोन लहानशा शब्दांचें जर्मन भाषांतर करूं लागलें म्हणजे तेव्हांच कळून येतें. प्रस्तुत लेखांत तेंच दाखविण्याचा आमचा विचार आहे. तत्पूर्वीं एक घडलेली हकीकत सांगतों. ती आमच्या स्वतःच्याच चुकीची असल्यामुळें ती सांगण्यास आम्हांस कांहीं संकोच वाटत नाहीं.

सन १९९४ च्या पावसाळ्यांतील ही गोष्ट आहे. त्या वेळीं शाळा सुटल्यावर आम्ही कांहीं हौशी विद्यार्थ्यांस जर्मन भाषा शिकवीत असूं. आमच्या गांवांतील एका गृहस्थांचा मुलगा यंत्रविद्येच्या शिक्षणासाठीं जर्मनींत लायप्झिग शहरीं गेला होता. दीड महिना त्याचें पत्र नव्हतें, आणि नंतर एके दिवशीं एक जाडसर पाकीट आलें तें परक्या हस्ताक्षरांत. मुलगा ज्या वृद्ध बाईंच्या घरीं भाड्यानें राहत असे त्यांनीं तें पत्र लिहिलें होतें, व तें सबंध जर्मन भाषेंत होतें. लायप्झिग हें शहर १९९० सालापर्यंत पूर्व जर्मनीच्या राज्यांत होतें आणि तेथील शाळांतून परकी भाषा म्हणून रशियन सक्तीनें शिकवीत. तेव्हां बाईंस इंग्रजी येत नव्हतें ह्यांत नवल नाहीं. तें पत्र घेऊन ते गृहस्थ आमच्या वर्गाच्या दाराशीं येऊन उभे राहिले. “सर, एवढें वाचून दाखवतां का?” इतकेंच ते म्हणाले.

वर्गांत एक चलाख मुलगा होता. “मी वाचूं का, सर?” असें म्हणून तो पुढें झाला, आणि पत्रांत काय मजकूर असेल ह्याचा विचार न करतां आम्हीं तें त्याच्या हातीं दिलें. मुलास मोठा ताप आला आहे, त्यास रुग्णालयांत ठेविलें आहे, असें वाचीत वाचीत तो पहिल्या पानाच्या तळाशीं आला. तेथील शेवटची ओळ अशी होती: “डी एर्त्स्ते गेबेन ईरेन झोन ट्रोत्स देस होहेन फीबर्स देर लेत्स्तेन वोखेन”. ‘एर्त्स्ते’ म्हणजे डॉक्टर, ‘गेबेन’ म्हणजे देतात, ‘ईरेन झोन’ म्हणजे तुमचा मुलगा. हे शब्द त्यास चांगले येत होते. तो आनंदानें ओरडला, “काका, डॉक्टर तुमच्या मुलाला परत देताहेत! घरीं सोडताहेत त्याला!” इतका वेळ उभे असलेले ते गृहस्थ मटकन् बांकावर बसले आणि त्यांनीं हात जोडले.

आम्हीं पत्र घेऊन पान उलटलें. दुसऱ्या पानाच्या आरंभीं त्या वाक्याचे राहिलेले दोन शब्द होते: “निख्त आउफ.” ‘निख्त’ म्हणजे नाहीं, आणि ‘आउफ’ हा त्या ‘गेबेन’चाच तुटून मागें राहिलेला भाग. आतां वाक्याचा अर्थ असा झाला: गेले कांहीं आठवडे कडक ताप असूनहि डॉक्टरांनीं तुमच्या मुलाची आशा सोडलेली नाहीं. म्हणजे मुलगा घरीं येत नव्हता. इतकेंच नव्हे, तर आशेची गोष्ट काढावी लागेल इतका तो आजारी होता. जो आनंद आम्हीं त्या पित्यास क्षणभर दिला तो पुढच्याच क्षणीं आम्हांस परत घ्यावा लागला. त्यांनीं रागाचा एकहि शब्द काढला नाहीं. तो विद्यार्थी मात्र पांढराफटक पडला. चूक वस्तुतः त्याची नव्हती; वाक्य पुरें होण्यापूर्वीं अर्थ सांगूं नये, हें त्यास आम्हींच नीट शिकविलें नव्हतें.

आतां ह्या प्रकाराचें मर्म पाहूं. इंग्रजी भाषेंत ‘गिव्ह’ म्हणजे देणें. परंतु ह्याच क्रियापदापुढें एखादें लहानसें अव्यय आलें म्हणजे अर्थ पार बदलतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतें घेणें, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणें किंवा गुपित फोडणें. अशा जोडशब्दांस इंग्रजी व्याकरणांत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. त्यांचा अर्थ दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज करून निघत नाहीं, हेंच त्यांचें लक्षण. ‘देणें’ आणि ‘वर’ मिळून ‘सोडणें’ कसें होतें, हें कोणत्या गणितानें सिद्ध करावें?

आपल्या मराठींत असें होत नाहीं असें मात्र समजूं नये. ‘देणें’, ‘देऊन टाकणें’ आणि ‘देऊन बसणें’ ह्यांतील फरक पाहा. पैसे देणें ही साधी क्रिया झाली. देऊन टाकले म्हणजे एकदांचे मोकळे झालों. आणि देऊन बसलों म्हणजे पुढें पश्चात्ताप झाला. येथें कोणी काहीं फेंकलें नाहीं आणि कोणी खालीं बसलेंहि नाहीं. आपण हे शब्द आईच्या मांडीवर शिकलों म्हणून आपणांस त्यांचें नवल वाटत नाहीं, एवढेंच.

जर्मन भाषा ही इंग्रजीची जवळची बहीण आहे. इंग्रजी ‘गिव्ह’ तेंच जर्मन ‘गेबेन’, आणि इंग्रजी ‘अप’ तेंच जर्मन ‘आउफ’. म्हणून ‘गिव्ह अप’ ह्यास जर्मनमध्यें ‘आउफगेबेन’ असा अगदीं जुळता शब्द आहे. परंतु त्याची चाल निराळी. कोशांत पाहिलें तर अव्यय आधीं व क्रियापद नंतर, असे दोन्ही एका शब्दांत जोडलेले आढळतात. साध्या विधानार्थी वाक्यांत ते घातले कीं मात्र त्यांची फारकत होते. क्रियापद दुसऱ्या स्थानीं राहतें आणि ‘आउफ’ थेट वाक्याच्या शेवटीं जाऊन बसतें. ‘मी आशा सोडीत नाहीं’ हें वाक्य जर्मनमध्यें “इख गेबे डी होफ्नुंग निख्त आउफ” असें होतें. मध्यें कितीहि शब्द आले तरी ‘आउफ’ आपली शेवटची जागा सोडीत नाहीं. पेटीचें बूड अगोदर दिसावें आणि झांकण सर्व सामान भरून झाल्यावर लागावें, तसा हा प्रकार आहे.

हीं दोघें पुनः एकत्र येतात तीं केव्हां, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. ‘मला सोडावयाचें आहे’ असें सहायक क्रियापद आलें कीं मूळ शब्द शेवटीं अखंड येतो: ‘आउफगेबेन’. ‘कारण तो सोडतो’ अशा गौण वाक्यांतहि ते जुळतात: ‘आउफगिब्त’. भूतकाळाच्या धातुसाधितांत दोहोंच्या मध्यें ‘गे’ शिरतो आणि ‘आउफगेगेबेन’ असें लांब रूप होतें. तसेंच ‘त्सु’ हें अव्यय मध्यें आलें म्हणजे ‘आउफत्सुगेबेन’ होतें. ज्यास हे चार प्रकार पाठ झाले त्याची अर्धी अडचण दूर झाली.

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्यांत ओळखीची खूण पटेल. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे किती भिन्न अर्थांचे शब्द उपसर्गांमुळें होतात, हें त्यांस ठाऊकच आहे. पुढील काळच्या संस्कृतांत उपसर्ग धातूस चिकटून राहतो. परंतु वेदांच्या भाषेंत तो क्रियापदापासून दूर, मध्यें इतर शब्द टाकून, खुशाल उभा राहत असे. जर्मन ‘आउफ’ जें आज करतें तशाच स्वातंत्र्याची ही जुनी रीत होय. इंग्रजी ‘अप’, जर्मन ‘आउफ’ आणि संस्कृत ‘उप’ हे एकाच प्राचीन कुळांतील शब्द मानले जातात. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि फ्रान्झ बोप्प ह्या जर्मन पंडितानें १८१६ सालीं संस्कृत क्रियापदांची तुलना ग्रीक, लॅटिन, फारशी व जर्मन कुळांतील भाषांशीं करून दाखविली. तेव्हां जर्मन शिकतांना आपण अगदीं परक्या घरीं गेलों नाहीं, दूरच्या आप्तांकडे गेलों आहों, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथवर आलेला वाचक म्हणेल, “मग झालें! ‘गिव्ह अप’ दिसलें कीं ‘आउफगेबेन’ लिहावें.” येथेंच खरा खड्डा आहे. मासल्यादाखल पांच वाक्यें घेऊं.

पहिलें वाक्य: ‘तिनें आशा सोडली.’ येथें ‘आउफगेबेन’ अगदीं बरोबर. दुसरें वाक्य: ‘त्यानें धूम्रपान सोडलें.’ येथेंहि ‘आउफगेबेन’ चालतें. परंतु बोलण्यांत ‘आउफहोरेन’ हा शब्द अधिक येतो, आणि त्यासाठीं ‘मिट’ म्हणजे ‘शीं’ किंवा ‘सह’ हें अव्यय लागतें. मौज अशी कीं ‘होरेन’ म्हणजे ऐकणें. त्यास ‘आउफ’ लागलें म्हणजे थांबणें! शिवाय जडलेली संवय कष्टानें मोडली असें सांगावयाचें असेल तर ‘झिख आबगेव्योनेन’ असा तिसराच शब्द आहे. तिसरें वाक्य: ‘त्यानें एका वृद्ध बाईंस आपली जागा दिली.’ इंग्रजींत येथें ‘गिव्ह अप’ शोभतें. जर्मनमध्यें मात्र ‘यूबरलासेन’ म्हणजे दुसऱ्याच्या स्वाधीन करणें हाच शब्द योग्य. ‘आउफगेबेन’ घातलें तर जागेवरचा हक्क सोडल्याचा अर्थ निघेल, आणि बाईंविषयींचा आदर कोठेंच दिसणार नाहीं. चौथें वाक्य: ‘चोर पोलिसांच्या स्वाधीन झाला.’ येथें ‘झिख श्टेलेन’, म्हणजे शब्दशः ‘स्वतःस उभें करणें’. पांचवें वाक्य: ‘सैन्य शरण आलें.’ येथें ‘झिख एरगेबेन’. ह्यांत ‘गेबेन’ आहे, परंतु ‘आउफ’ नाहीं, आणि त्याचा ‘एर’ हा उपसर्ग कधींहि तुटत नाहीं.

पाहा, इंग्रजी शब्द एक, आणि जर्मन शब्द पांच-सहा! मराठींतहि आपण आशा सोडतों, संवय मोडतों, जागा देतों, स्वाधीन होतों आणि शरण जातों. आपण मराठींत हे शब्द न चुकतां वापरतों, कारण आपण शब्दाकडे न पाहतां प्रसंगाकडे पाहतों. म्हणून इंग्रजीचें जर्मन करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास आमची सूचना अशी आहे कीं त्यानें आधीं तें वाक्य मनांत मराठी करून पाहावें. ‘गिव्ह अप’ ह्यांत लपलेले निरनिराळे अर्थ मराठी करतांच आपोआप वेगळे होतात, आणि मग कोणता जर्मन शब्द शोधावयाचा तें कळतें.

उलट बाजूनेंहि हाच अनुभव येतो. जर्मन माणूस टपालकचेरींत पत्र ‘आउफगेबेन’ करतो, म्हणजे तें टपालांत देतो. आगगाडीच्या स्टेशनावर सामान ‘आउफगेबेन’ करणें म्हणजे तें पोंचविण्यासाठीं स्वाधीन करणें. वर्तमानपत्रांत जाहिरात देणें हेंहि ‘आउफगेबेन’च. ह्या सर्व ठिकाणीं ‘गिव्ह अप’ असें इंग्रजी केलें तर हंसें होईल. शिक्षक मुलांस घरचा अभ्यास देतात, त्यासहि हेंच क्रियापद. इतकेंच काय, कोणी कोडें घालतो तेव्हां तो तें ‘आउफगेबेन’ करतो, आणि ऐकणाऱ्यास उत्तर आलें नाहीं म्हणजे तो हार मानून म्हणतो, “इख गेबे आउफ!” कोडें घालणारा आणि हरणारा, दोघांच्याहि तोंडीं एकच शब्द! ह्याच शब्दापासून झालेलें ‘आउफगाबे’ हें नाम तर एकदां ‘नेमून दिलेलें काम’ असा अर्थ देतें आणि एकदां ‘सोडून देणें’ असा. विद्यार्थ्यांनीं ह्यांतील पहिला अर्थ आपलासा करावा, अशी आमची इच्छा आहे.

उच्चारांतील जोर हीहि एक महत्त्वाची बाब आहे. तुटणाऱ्या उपसर्गावर जोर पडतो, न तुटणाऱ्यावर पडत नाहीं. ‘उमफारेन’ ह्या शब्दांत ‘उम’वर जोर दिला तर अर्थ होतो गाडीखालीं पाडणें; ‘फारेन’वर जोर दिला तर अर्थ होतो वळसा घालून जाणें. रस्त्यावरील माणसाच्या दृष्टीनें ह्या दोहोंत किती अंतर आहे तें सांगावयास नको! तसाच ‘यूबरझेत्सेन’ हा शब्द. पहिल्या भागावर जोर असतां त्याचा अर्थ नावेनें पैलतीरास नेणें. ‘झेत्सेन’वर जोर असतां अर्थ होतो भाषांतर करणें. हा योगायोग आम्हांस फार आवडतो. भाषांतरकार हा नावाडीच आहे. ह्या तीरावरचा उतारू त्या तीरास सुखरूप पोंचला पाहिजे; नाव कशी सजविली होती हें कोणी विचारीत नाहीं.

अशा कामास चिकाटी लागते, आणि कोशकारांइतकी चिकाटी क्वचितच कोणाच्या अंगीं असेल. याकोब व विल्हेल्म ग्रिम ह्या बंधूंनीं, ज्यांच्या परीकथा आपल्या मुलांनींहि ऐकल्या आहेत, १८३८ सालीं जर्मन भाषेच्या महाकोशाचें काम हातीं घेतलें. पहिला खंड १८५४ सालीं पूर्ण झाला. विल्हेल्म १८५९ सालीं व याकोब १८६३ सालीं निवर्तले, तेव्हां वर्णमालेंतील आरंभींचीं थोडींच अक्षरें झालीं होतीं. पुढें विद्वानांच्या अनेक पिढ्यांनीं तें काम चालविलें आणि तें १९६१ सालीं संपलें. आपल्याकडेहि मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांनींच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी ह्यांनीं पुरा करून १८४७ सालीं बाहेर आणिला. एकानें आरंभिलेलें काम दुसऱ्यानें सोडून दिलें नाहीं, म्हणून हे ग्रंथ आपल्या हातीं आले.

आजकाल यंत्रेंहि भाषांतर करूं लागलीं आहेत, आणि पुष्कळदां तीं चांगलें करतात. त्यांचा उपयोग करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रानें दिलेला शब्द त्या प्रसंगास शोभतो कीं नाहीं, हें ठरविण्यास तो प्रसंग जाणणारा माणूसच लागतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं तीन नियम पाळावे. जर्मन वाक्य वाचतांना आधीं शेवटचा शब्द पाहावा. कोशांतील पहिल्याच अर्थावर न थांबतां खालील उदाहरणें वाचावीं. आणि केलेलें भाषांतर पुनः मराठींत उलटवून मूळचा अर्थ आला कीं नाहीं, ह्याचा पडताळा घ्यावा. पालकांसहि एक विनंती आहे. मुलास किती परके शब्द पाठ आले हें मोजण्यापेक्षां त्यास एक वाक्य नीट समजलें का, हें विचारावें.

आतां त्या पत्राची हकीकत पुरी करतों. त्याच सायंकाळीं उत्तर लिहिण्यास आम्ही बसलों. ते गृहस्थ मराठींत सांगत होते आणि तोच मुलगा, डोळे पुसून, जर्मन लिहीत होता. शेवटीं ते म्हणाले, “बाईंना लिही, आम्ही धीर सोडलेला नाहीं.” मुलानें ‘सोडणें’ म्हणून ‘आउफगेबेन’ लिहावयास घेतलें, आणि तो थांबला. आपण धीर सोडतों, जर्मन माणूस तो ‘हरवतो’, हें त्यास आठवलें. बराच वेळ विचार करून त्यानें लिहिलें: “वीर हाबेन देन मूट निख्त फेर्लोरेन.” मग तें सबंध वाक्य, अगदीं शेवटच्या शब्दापर्यंत, त्यानें दोनदां मोठ्यानें वाचलें, आणि तेव्हांच लेखणी खालीं ठेविली.

पांच आठवड्यांनीं लायप्झिगहून पुनः पत्र आलें. ह्या वेळीं पत्ता मराठी वळणाच्या अक्षरांत होता. तें वाचून घेण्यासाठीं त्या गृहस्थांस आमच्याकडे यावें लागलें नाहीं. तरी ते आले, आणि तें पत्र त्यांनीं वर्गांत त्या मुलाच्या हातीं दिलें.